दौलत वैरागडेचं पदक

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानांची ओळ जिथे वळते, तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर नत्थूजी बसत. खाली गोणपाट, मांडीवर जाड कातड्याचा तुकडा, एका हातात बारीक छिन्नी आणि दुसऱ्या हातात आखूड दांड्याची हातोडी. दुकानात भांडं विकलं गेलं की गिऱ्हाईक ते घेऊन त्यांच्यापुढे उकिडवं बसे आणि नाव सांगे. नत्थूजी मान वर न करता एकच विचारत, "आडनाव टाकाचं का?" त्यापलीकडे काही विचारायची त्यांची रीत नव्हती.

आंदणात द्यायचे पाण्याचे पितळी गुंड, बारशाच्या वाट्या, मेलेल्याच्या नावाने देवळाला द्यायच्या समया, सगळ्यांवर त्यांच्या हातची अक्षरं असत. एकदा एका बापाने मुलीच्या नावाचे पाच गुंड कोरून नेले आणि महिन्याभराने ते तसेच परत आणून म्हणाला, नाव बुजवून द्या. नत्थूजींनी दुपारभर ठोकून नाव बुजवलं. घरी जेवताना हे सांगितलं तेव्हा त्यांची बायको कांताबाई म्हणाली, "पोरीचं काय झालं, थे तं विचाराचं असतं."

"आपलं काम नाव टाकाचं," नत्थूजी म्हणाले. "नावाच्या मांगं काय हाय, थे ज्याचं त्यानं पाहावं."

बोलणं काही उर्मटपणाचं नव्हतं. जुन्या मंगळवारीतल्या दोन खोल्यांत राहणारा तो गरीब, मऊ स्वभावाचा माणूस होता. पायरीवर बसून बसून त्याला एवढं कळलं होतं की विचारलं की लोक सांगतात, आणि सांगितलं की ते आपल्या अंगावर राहतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. पुढच्या उन्हाळ्यात फौजेतली पोरं सुट्टीवर गावी येऊ लागली. कोणी धडधाकट, कोणी हातापायाने अधू. लकडगंजात भैयाजी म्हणून एका आरागिरणीचे मालक होते. त्यांनी पुढाकार घेऊन आसपासच्या वस्त्यांची एक सत्कार समिती उभी केली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार होती, त्या पंधरा ऑगस्टला परत आलेल्या जवानांना नागपूरकरांतर्फे पदकं द्यायची ठरली. सरकारी पदकं मिळायची त्यांना मिळतीलच, पण आपल्या गावाचं म्हणून काहीतरी असावं, असं भैयाजींचं म्हणणं होतं.

सराफ्यातल्या एका कारागिराने ठसा कापला. पदकं पितळेची होती, जुन्या रुपयाहून थोडी मोठी. समोर बंदूक घेतलेला शिपाई आणि त्याच्याभोवती गोल अक्षरं, 'रणांगणावरून परतलेल्या वीरास, नागपूर १९७२'. शिपायाचं नाक जरा चपटं आलं होतं, पण अक्षरं स्वच्छ होती. मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर एकेकाचं नाव टाकायचं काम नत्थूजींकडे आलं.

यादीत एकेचाळीस नावं होती आणि पदकं पन्नास पाडली होती. एखादं नाव चुकलं, एखादं पदक बिघडलं तर हाताशी असावं म्हणून वरची नऊ नत्थूजींपाशीच ठेवली. नत्थूजींनी आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम घरी नेलं. सकाळी अंघोळ करून ते दाराशी उजेडात बसत, एक-एक नाव दोनदा वाचून घेत आणि मगच छिन्नी लावत. कांताबाई तयार झालेली पदकं चिंचेने घासून धुवी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवी. शेजारीपाजारी बघायला येत. त्या पंधरा दिवसांत नत्थूजींची मान ताठ झाली होती.

मनकर्णा आली ती त्याच दिवसांत, भर दुपारी. पारडीहून चालत आली होती. पारडी तेव्हा भंडारा रोडवरचं शेतीवाडीचं गाव होतं. पन्नाशीची बाई, अंगाने सुकलेली. नवरा चंपतराव जाऊन सहा वर्षं झाली होती. चार एकर जमीन, एकुलता मुलगा दौलत फौजेत, आणि घरात तिची सून. तिने पदराच्या गाठीतून घडीघडी झालेला कागद काढून नत्थूजींपुढे ठेवला. फौजेचं पत्र होतं. पश्चिमेच्या सरहद्दीवर शिपाई दौलत चंपतराव वैरागडे लढाईत बेपत्ता झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

"भाऊ, यादीत माह्या पोराचं नाव नाही," ती म्हणाली.

"बाई, यादी समितीची हाय. मी फक्त टाकतो."

"समितीत गेली होती मी. थे म्हणाले, पोरगा येऊ द्या, मंग पाहू." तिने पत्रावर बोट टेकवलं. "थ्यो तिकडे कैदेत हाय. आपले पुष्कळ पोरं तिकडे कैदेत हायेत, आता सुटून येणार हायेत, असं सारेच म्हणून राहिले. आज ना उद्या येईनच गा थ्यो. पण थ्यो येईन तवा पदकं सरून जातीन. मंग साऱ्या पोराईले भेटलं आन मलेच काहून नाही, म्हणीन."

ती रडत नव्हती, हातापाया पडत नव्हती. बाजारात उरलेली भाजी मागावी तशी सरळ बोलत होती. नत्थूजींनी कांताबाईकडे पाहिलं. कांताबाईने नजर खाली वळवली. घरात नऊ कोरी पदकं होती आणि कैदी सुटणार ही गोष्ट पेपरात रोज येत होती. पोरगा येणारच असेल तर नाव दोन महिने आधी टाकलं म्हणून काय बिघडतं, असं नत्थूजींना वाटलं.

"आडनाव टाकाचं का?" त्यांनी विचारलं.

"पुरं टाक. बापाच्या नावासकट."

त्यांनी नाव टाकलं. इतरांपेक्षा जरा जास्तच जपून टाकलं. तिने पदक हातात घेऊन उलटंपालटं केलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नत्थूजींनी आधी मागची आणि मग पुढची अक्षरं वाचून दाखवली. 'परतलेल्या' हा शब्द तिने त्यांना दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग पदक पत्रातच गुंडाळून तिने पदराला गाठ मारली आणि आली तशी चालत गेली.

पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम एका शाळेच्या मैदानावर झाला. नत्थूजी गर्दीच्या मागे उभे होते. कुबड्यांवर आलेल्या एका पोराने पदक घेतलं, उलटं करून आपलं नाव पाहिलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. उरलेल्या कोऱ्या पदकांची नंतर कोणी चौकशी केली नाही. दौलतच्या पदकाबद्दल त्यांनीही कोणाला सांगितलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला कैदी सुटले. वाघा सरहद्दीवरून आपली पोरं चालत अलीकडे आली, त्यांचे फोटो पेपरात आले. नत्थूजी चार दिवस चहाच्या टपरीवर जाऊन सगळे पेपर चाळत राहिले. आपल्या भागातल्या पोरांची नावं एका पेपरात आली होती. ती त्यांनी वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचली. वैरागडे हे नाव कुठेच नव्हतं.

त्या दिवशी पायरीवर येऊन बसल्यावर त्यांच्या हातून एका ताटावरचं नाव वाकडं गेलं. घरी त्यांनी कांताबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पारडीले जाऊन या एकडाव."

"जाऊन काय सांगू?"

"काई सांगू नका. जाऊन बसा."

ते गेले नाहीत. आज जाऊ, पोळ्यानंतर जाऊ, असं करत वर्ष गेलं आणि मग जायला तोंड राहिलं नाही. पारडीचं कोणी भांड्याला आलं तर त्याच्याकडून कानावर येई. मनकर्णाने ते पदक दौलतच्या फोटोखाली खिळ्याला टांगलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. चौऱ्याहत्तर साली फौजेचं दुसरं पत्र आलं, त्यात दौलतला मृत समजण्यात येत आहे असं होतं. पण मनकर्णाने सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही, दहावा-तेरावा काही करू दिलं नाही. लोकांनी पहिल्यांदा समजूत घातली आणि मग सोडून दिलं. आईचं काळीज, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागले. नत्थूजींनीही तसंच म्हटलं.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत एक तिशीच्या आतली बाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. उंच, सावळी, हातांवर संत्र्याच्या सालीचे पिवळे डाग. संत्रा मार्केटमध्ये पेट्या भरायला जाणाऱ्या बायांचे हात असे असत.

"काकाजी, तुमीच नाव टाकता ना?"

"हो. भांडं कुठं हाय?"

"भांडं नाही आणलं. मी गोपिका. पारडीच्या मनकर्णाबाईची सून."

नत्थूजींनी छिन्नी खाली ठेवली. "बस वं पोरी," ते म्हणाले. पण ती उभीच राहिली आणि उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं.

तिचं लग्न सत्तर साली झालं होतं. नवऱ्याबरोबर ती सगळी मिळून दोन महिने राहिली असेल. तो गेल्यावर शेती अर्ध्या वाट्यावर, अर्धलीने दिली आणि ती मार्केटला जाऊ लागली. सासू वाईट नव्हती, पण वर्षं सरत होती. तिचा थोरला भाऊ गिरिधर कुहीला शेती करत असे. त्याने यंदा मनावर घेऊन काटोलचं एक स्थळ पाहिलं होतं. मुलगा शाळेत शिपाई, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, चार वर्षांची एक मुलगी. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लावायची चाल होती, त्यामुळे कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मुलाचे वडील गणपतराव स्वतः पारडीला येऊन गेले, नातीलाही घेऊन आले. ती मुलगी कोणी न सांगता गोपिकाच्या मांडीवर येऊन बसली होती. एवढं सांगताना गोपिका जरा थांबली.

"मंग?" नत्थूजींनी विचारलं.

"मंग आमच्या म्हातारीनं खिळ्यावरचं पदक काढून त्याईच्या हातात देलं. म्हणाली, माहा पोरगा मेला नाही, परत आला हाय, हे पाहा, नागपूरच्या लोकाईनं लिहून देलं. मंग काय. थे लोक उठून गेले." तिने पदराने तोंड पुसलं. "काकाजी, तुमी नाव टाकलं तवा तुमाले मालूम होतं ना, का थे आले नाहीत?"

"मालूम होतं."

"मंग काहून टाकलं?"

"मायनं म्हटलं, येईनच. मले वाटलं..."

"माय तं म्हणीनच. तिले कोण दोष देते. पण घरात मी बी होती ना काकाजी. एकडाव मले तं विचाराचं होतं."

रस्त्यावर हातगाड्यांची गर्दी होती, शेजारच्या दुकानात कोणी पातेलं वाजवून पाहत होतं. इतक्या वर्षांत नत्थूजींनी पायरीवर बसून हजारो नावं टाकली होती, पण एखाद्या नावासाठी कोणी असं जाब विचारायला येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"मी जातो काटोलले," ते म्हणाले. "मी सांगतो त्याईले, माह्याच हातची चूक हाय म्हणून."

आधी ते लकडगंजात भैयाजींकडे गेले. समितीच्या यादीत दौलत वैरागडे हे नाव नव्हतं, अशी एक चिठ्ठी मिळाली तर काम सोपं होईल, असा त्यांचा विचार. भैयाजींनी त्यांना लाकडाच्या ढिगाजवळ खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "नत्थूजी, समितीचं पदक तुमी बिना विचारता देऊन टाकलं. हे मी लिहून देऊ? उद्या लोक म्हणतील, असे अजून किती वाटले. ज्याईनं खरोखर गोळ्या खाल्ल्या, त्याईच्या पदकाची काय किंमत राहिली मग?"

"चूक माही हाय, तसं लिहा."

"तुमची चूक कोण पाहते? नाव तं आमचं जाईन." ते उठले. "जाऊ द्या ना. जुनी गोष्ट झाली."

चिठ्ठी मिळाली नाही. गिरिधरला घेऊन नत्थूजी एसटीने काटोलला गेले. गणपतराव भला माणूस होता. त्यांनी दोघांना अंगणात खाटेवर बसवलं, चहा दिला, गिरिधरने आणलेलं फौजेचं पत्र चष्मा लावून वाचलं. नत्थूजींनी हात जोडून सांगितलं की ते पदक समितीने दिलेलं नव्हे, दौलत परत आला नाही, त्यावरचं नाव मी माझ्या हाताने खोटं टाकलं आहे.

गणपतरावांनी चष्मा काढला. "तवा खोटं लिहिलं म्हणता. मंग आता खरं बोलून राहिले, हे मी कशावरून धरू?"

गिरिधर म्हणाला, "कागद हाय ना बाप्पा."

"कागदात काय हाय? मृत समजण्यात येत आहे. म्हणजे त्याईनं बी पाहिलं नाही, समजून राहिले. इकडे समजून राहिले, तिकडे पदकावर परत आला म्हणून लिहिलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "माहा पोरगा पयल्याच दुःखानं खचला. उद्या दारात कोणी फौजी येऊन उभा राहिला तं मी काय करू? पोरगी चांगली हाय तुमची, नाही म्हणत नाही. पण आमी आता कोंढाळीचं स्थळ पक्कं केलं."

अंगणाच्या कोपऱ्यात एक लहान मुलगी मातीत रेघोट्या ओढत बसली होती. गिरिधर जाताना तिच्याकडे बघत राहिला. परत नागपुरात बर्डीवर उतरल्यावर गिरिधर एवढंच म्हणाला, "तुमी आले, हेच पुष्कळ झालं." नत्थूजींना ते शिवीपेक्षा जड वाटलं.

दोन दिवसांनी ते पारडीला गेले. पाच वर्षांपूर्वी जायला हवं होतं त्या घरी पहिल्यांदाच. मनकर्णा अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने त्यांना लगेच ओळखलं आणि बसायला पोतं पुढे सरकवलं. दारातून आतली भिंत दिसत होती. फोटो होता, खाली खिळ्याला पदक होतं. घासून घासून शिपायाचं तोंड गुळगुळीत झालं होतं.

"बाई," नत्थूजी म्हणाले, "थे पदक मले परत द्या. मी खोटं लिहिलं होतं."

"मले मालूम हाय."

ते तिच्याकडे बघत राहिले.

"मीच तं तुले सांगतलं होतं लिहाले. मले मालूम नसीन तं कोणाले असीन?" शेंगा सोलणारी तिची बोटं थांबली नाहीत. "पयले खरंच वाटे गा, येईन म्हणून. दारात कुत्रं भुंकलं तरी उठो मी. मंग दुसरा कागद आला. तवाबी वाटे. मंग कवा वाटनं बंद झालं, थे मलेच समजलं नाही. तीन वर्षं झाले असतीन."

"मंग त्या काटोलच्या लोकाईले काहून दाखवलं?"

सोललेल्या दाण्यांतून तिने एक किडका दाणा काढून टाकला.

"गोपिका गेली तं मले पाणी कोण देईन?" ती म्हणाली. "तिचं वय हाय, मले समजते. थे पोरगी तिच्या मांडीवर बसली, तवाच मी समजली का आता ही जाते. मले भेव वाटलं. भिंतीवर थे होतं, थेच हातात आलं."

नत्थूजींना तिचा राग यायला हवा होता, पण राग येईना. आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा हे सगळं फार साधं आणि फार वाईट आहे, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी मान वर केली तेव्हा कुंपणाच्या फाटकाशी गोपिका उभी होती. डोक्यावर गवताचा भारा होता. ती किती वेळची उभी होती कोण जाणे. तिने भारा गोठ्याशी उतरवला, हातपाय धुतले आणि आत गेली. थोड्या वेळाने ती दोन कप चहा घेऊन बाहेर आली. एक सासूपुढे ठेवला, एक नत्थूजींपुढे.

"साखर कमी हाय काकाजी," ती म्हणाली.

तिने पुन्हा स्थळाचा विषय काढू दिला नाही. गिरिधर दोनदा येऊन भांडून गेला, तिसऱ्यांदा आला नाही. ऐंशीच्या पावसाळ्यात मनकर्णाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं, अंथरुणातून उठणं गेलं. गोपिकाने मार्केट सोडलं. दोन वर्षं तिने सासूचं सगळं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. नत्थूजी आता दर महिन्याला पारडीला जात. कांताबाई कधी पिठलं-भाकरी बांधून देई, कधी जुनी मऊ लुगडी. ते ओसरीवर तासभर बसत. मनकर्णा त्यांच्याकडे एकटक बघे. तिला काही म्हणायचं असावं, पण आवाज फुटत नसे, आणि काय म्हणायचं आहे हे विचारून उपयोगही नव्हता.

एकदा गोपिका औषध उगाळत होती तेव्हा नत्थूजींनी धीर करून विचारलं, "पोरी, तू सारं ऐकलं होतं ना तवा? मंग काहून राहिली?"

तिने उगाळणं थांबवलं नाही. "जाऊन तं कुठं जात होती काकाजी. भावाच्या घरी राहून वयनीची बोलणी खाची होती. आन म्हातारीले टाकून जाणं मले जमलं बी नसतं. तिनं मले विचारलं असतं, राहाशीन का वं, तं मी राहिली असती. काटोलले नाही म्हटलं असतं मीच. पण कोणीच विचारलं नाही." मग ती म्हणाली, "तुमी वाईट नाही काकाजी. म्हातारी बी वाईट नाही. पण दिवस तं माहेच गेले."

मनकर्णा ब्याऐंशीच्या दिवाळीआधी गेली. गोपिकाने खिळ्यावरचं पदक काढून तिच्या डाव्या हातात ठेवलं आणि तसंच तिच्यासोबत जाऊ दिलं. गावातल्या बऱ्याच जणांना तोवर ते पदक कशाचं होतं हेही आठवत नव्हतं.

दहाव्याला सगळे रामटेकला अंबाळा तळ्यावर गेले. गिरिधर आला होता, पारडीचे चारपाच जण होते. गोपिकाने निरोप पाठवला होता म्हणून नत्थूजीही गेले. तळ्याच्या पायऱ्यांवर भटजींनी तयारी मांडली तेव्हा गोपिका पुढे होऊन म्हणाली, "महाराज, दोघाईचं करा."

"दुसरं कोण?"

"माहे मालक. त्याईचं राहून गेलं."

भटजींनी पंचांग उघडलं. मृत्यूची तिथी कोणती, त्यांनी विचारलं. तिथी कोणालाच ठाऊक नव्हती. शेवटी भटजी म्हणाले, माहीत नसेल तर अमावास्या धरतात. गोपिका म्हणाली, "धरा."

"नाव सांगा."

गोपिकाने आजवर नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. ती भावाकडे बघू लागली, पण गिरिधर तोंड फिरवून डोळे पुसत होता. नत्थूजी मागच्या पायरीवर उभे होते. तेच म्हणाले, "दौलत. बापाचं नाव चंपतराव."

विधी आटोपल्यावर गोपिका पाण्याच्या कडेला गेली, ओंजळ भरली आणि कपाळावरून हात फिरवला. बांगड्या एक-एक करून काढून तिने पाण्यात सोडल्या. बारा वर्षांची सवय असल्यासारखं हे सगळं तिने घाई न करता केलं. पारडीच्या एका म्हातारीने हुंदका दिला. गोपिका रडली नाही. तिने फक्त प्यायला पाणी मागितलं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. गोपिकाला खिडकीशी जागा मिळाली, नत्थूजी तिच्या बाकाशी दांडा धरून उभे होते. मनसर गेल्यावर ती नत्थूजींना म्हणाली, "देवलापारच्या आश्रमशाळेत स्वयंपाकीण पाहिजे म्हणते. पोरींचं वसतिगृह हाय. जाईन मी पुढच्या महिन्यात."

"तिकडे कोणी ओळखीचं हाय का?"

"नाही."

"मंग कशी राहाशीन एकटी?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, दहा दिवसांचं जागरण मात्र दिसत होतं. "हे बरं विचारलं," ती म्हणाली. पण उत्तर दिलं नाही.

कन्हानचा पूल यायच्या आतच तिचा डोळा लागला. डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि गाडी खड्ड्यातून गेली की आपटत होतं, तरी तिला जाग आली नाही. नत्थूजींनी खांद्यावरचा पंचा काढून घडी केली, गज आणि तिचं डोकं यांच्यामध्ये सरकवली आणि कामठी येईपर्यंत एका हाताने ती धरून उभे राहिले.